कामाच्या खात्यासाठी मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर: दोन वर्षांच्या वापरानंतर

आमच्या संस्थेने कामाच्या खात्यासाठी एमएफए, म्हणजे पासवर्डच्या जोडीला आणखी एक पडताळणी, सक्तीची केली त्याला आता दोन वर्षे होतील. तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर हे ॲप मी रोज वापरते आणि ते मला मनापासून आवडले आहे. मात्र खाते ॲपशी जोडताना एक काम राहून गेले तर किती अडचण होते, हेही मी अनुभवले आहे.

जोडणीला पाच-सात मिनिटे पुरतात. ती संगणकासमोर बसून करणे सोयीचे, कारण क्यूआर कोड संगणकाच्या पडद्यावर येतो आणि तो फोनने स्कॅन करायचा असतो. तोही फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने नव्हे, तर ॲपमध्ये ‘कामाचे किंवा शाळेचे खाते’ हा पर्याय निवडून. ॲपला नोटिफिकेशनची परवानगी आधीच द्यावी, नाहीतर चाचणीची सूचना आलेली कळतच नाही. या चाचणीत संगणकावर दोन अंकी संख्या दिसते, समजा 47, आणि फोनवर एक रिकामी चौकट उघडते. त्या चौकटीत 47 टाकून बोटाच्या ठशाने खात्री दिली की जोडणी पूर्ण होते.

ही संख्या टाकण्याची पद्धत मला या ॲपची सर्वांत मोलाची बाजू वाटते. पूर्वी फोनवर नुसते ‘मंजूर’ दाबले की काम होत असे आणि त्याचाच गैरफायदा घेऊन, पासवर्ड हाती लागलेले लोक एकामागून एक विनंत्या पाठवत राहत, जेणेकरून कंटाळून किंवा झोपेत माणूस एखादी विनंती मंजूर करून टाकेल. म्हणून मायक्रोसॉफ्टने मे 2023 पासून संख्या जुळवणे सर्वांना बंधनकारक केले. एकदा रात्री अकराच्या सुमारास माझ्या फोनवर अशी विनंती आली, तेव्हा माझा संगणक बंद होता आणि टाकायला माझ्यासमोर संख्याच नव्हती. मी विनंती नाकारली आणि लगेच पासवर्ड बदलला. हुबेहूब बनवलेल्या खोट्या साइन-इन पानावर आपण स्वतःच माहिती भरली, तर मात्र ही संख्याही आपल्याला वाचवू शकत नाही. तेथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात जपलेली डिजिटल किल्ली, अधिक भक्कम ठरते, कारण ती खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असते.

नेटवर्क नसलेल्या ठिकाणी ॲपमधला सहा अंकी कोड उपयोगी पडतो. तो दर 30 सेकंदांनी बदलतो आणि फोनमध्येच तयार होतो, त्यामुळे एसएमएसची वाट पाहावी लागत नाही. फोनचे घड्याळ मात्र आपोआप जुळेल असे ठेवावे, कारण वेळ चुकली की कोडही चुकतो. आपल्या फोनमधले सगळे कार्यालयाला दिसेल, या भीतीने काही सहकारी ॲप घ्यायला तयार नव्हते. त्यांना सांगावेसे वाटते की खाते जोडल्याने संस्थेला तुमचे फोटो किंवा संदेश दिसत नाहीत.

आता राहून गेलेल्या कामाविषयी. गेल्या वर्षी मी फोन बदलला. ॲपचा बॅकअप घेतलेला असल्यामुळे मी निर्धास्त होते आणि जुन्या फोनमधली सगळी माहिती पुसूनही टाकली होती. नव्या फोनवर कामाच्या खात्याचे नाव आले खरे, पण अशा खात्यात पुन्हा साइन-इन करावे लागते, आणि त्यासाठी मंजुरी हवी होती ती पुसलेल्या फोनवरचीच. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण नुसत्या बॅकअपवरून कोणालाही खाते उघडता येऊ नये. दुःख याचे वाटते की आमच्या आयटी विभागाच्या सूचनापत्रकात पडताळणीची दुसरी पद्धत नोंदवून ठेवा, असे एक वाक्यही नव्हते. दोन दिवस मला ना ईमेल उघडता आला, ना फाइली. अखेर विभागातील एका ताईंनी व्हिडिओ कॉलवर माझी ओळख पटवून ठरावीक मुदतीचा तात्पुरता पास, म्हणजे साइन-इनसाठीचा कोड, दिला, तेव्हा खाते उघडले.

म्हणून ज्या दिवशी ॲप जोडाल त्याच बैठकीत खात्याच्या ‘सुरक्षा माहिती’ या पानावर जाऊन, संस्थेने परवानगी दिलेली आणखी एक पद्धत नोंदवा. माझ्या खात्यावर आता ॲप, फोन क्रमांक आणि कपाटात ठेवलेली यूएसबी सिक्युरिटी की (संगणकाला जोडून ओळख पटवणारे छोटे उपकरण) अशा तीन नोंदी आहेत, आणि नव्या फोनवर एकदा साइन-इन करून पाहिल्याशिवाय मी जुना फोन पुसत नाही.