महाद्वार रोडवर घेतलेली ट्रोलची बाहुली

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून घेतली, 350 रुपयांना. वीतभर उंची, रबरी अंग, मोठे डोळे, डोक्यावर ताठ उभे गुलाबी केस. दुकानदार म्हणाले, "ताई, राक्षस आहे, पण गोड आहे." लेकीनं खोक्यावरचं नाव वाचलं आणि हात मागे घेतला.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी नेटवर टाकला आणि ओळख ना पाळख अशी माणसं तिच्या बोलण्यावर तुटून पडली. ट्रोल हा शब्द तिला तेवढाच ठाऊक. म्हणूनच मी बाहुली मुद्दाम घेतली.

रात्री दोघींनी बसून वाचलं. ट्रोल मूळचे नॉर्वे-स्वीडनकडच्या लोककथांतले. डोंगरात राहणारे, बरेचदा आडदांड आणि मंद डोक्याचे. कित्येक कथांत अंगावर ऊन पडलं की त्यांचा दगड होतो. पुलाखालच्या ट्रोलची नॉर्वेतली गोष्ट तिनं तीनदा वाचायला लावली. धाकटे दोन बोकड "मागून मोठा येतोय" म्हणत निसटतात, आणि थोरला त्याला शिंगांवर घेतो. आता शिवाजी पुलावरून जाताना ती वाकून खाली बघते. मग मी कोल्हासुराची गोष्ट काढली. अंबाबाईनं त्याला मारलं, पण मरताना त्यानं मागितलं म्हणून त्याचं नाव गावाला राहिलं. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर राक्षसाच्या वधाचं प्रतीक म्हणून कोहळा फुटताना तिनं पाहिलाय, त्यामुळे लगेच समजलं.

नेटवरच्या ट्रोलिंगचा संबंध मासेमारीशीही जोडतात. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द. रंकाळ्यावर गळ टाकून बसलेली माणसं तिनं बघितलीत. "म्हणजे मी उत्तर दिलं की गळाला लागले?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

आता बाहुलीविषयी. 1959 मध्ये डेन्मार्कच्या थॉमस डॅम यांनी अशी बाहुली पहिल्यांदा लाकडात कोरली, मुलीसाठी. पुढे त्या रबराच्या झाल्या, केस मेंढीच्या लोकरीचे. आमच्या बाहुलीचे नायलॉनचे, नुसते डिंकानं चिकटवलेले. मी शिवणकाम करते, असलं काम मला बघवत नाही. तिसऱ्या दिवशी झुपका हातात आला. मी लोकरीचा धागा जाड सुईनं टोचून घट्ट बसवला, आता ओढला तरी निघत नाही. रबर मात्र चांगलं आहे, वास नाही, साबणानं धुतलं तरी रंग गेला नाही.

लेक तिला अभ्यासाच्या टेबलावर खिडकीकडे तोंड करून ठेवते, सकाळचं ऊन थेट पडेल अशी. घेणार असाल तर केस दुकानातच ओढून बघा.