मुंबईच्या फ्लॅटमध्ये रेडिओला तार किती लांब लावावी?

शॉर्टवेव्हचा, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं ऐकवणाऱ्या लहरींचा, नाद लागला की माणूस लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आधी एरियलसाठी तारेचं भेंडोळं घेऊन येतो. थांबा. तार किती लांब हवी, हे आधी सेटला विचारा.

हातात मावणारा पोर्टेबल सेट त्याच्या पाऊण-एक मीटरच्या एरियलच्या दांडीच्या हिशोबाने बनवलेला असतो. त्याला गच्चीवरची २० मीटर तार जोडली, की मालाडकडून येणारी आकाशवाणीची ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झची दणदणीत स्टेशनं आत घुसतात आणि सेटला तो जोर झेपत नाही. मग दोन्हींची बेरीज १६०२, किंवा १०४४ ची दुप्पट वजा ५५८, म्हणजे १५३०, अशा रिकाम्या जागी तेच कार्यक्रम भुतासारखे बोलू लागतात. शॉर्टवेव्हवर नुसता गोंगाट. अशा सेटला चिमट्याने जोडलेली चार-पाच मीटर तार पुरे. कॉम्प्युटरला लावायच्या स्वस्त ८ बिटच्या एसडीआर डोंगललाही (सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ) हाच न्याय, किंबहुना जास्तच कडक.

टेबलावरच्या कम्युनिकेशन रिसीव्हरचं, म्हणजे दूरची स्टेशनं पकडायला बनवलेल्या मोठ्या सेटचं, तसं नाही. बँडनिहाय फिल्टर, सिग्नलचा जोर कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर, एरियलचं वेगळं सॉकेट असल्यामुळे तो लांब तार पचवतो. पण पचवतो म्हणून जास्त ऐकवतोच असं नाही. सॉकेट ५० ओहमचं असेल तर तारेचा आणि सॉकेटचा मेळ बसवणारा नवास एकचा (९:१) ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि गच्चीसाठी सोसायटीची परवानगी. ती मिळवणं जास्त अवघड!

दोन्हींसाठी एक सोपी परीक्षा आहे. शॉर्टवेव्हवर रिकाम्या जागी सेट लावा आणि तार जोडा. खरखर स्पष्ट वाढली तर लांबी पुरेशी आहे. आणखी तार लावून स्टेशन आणि खरखर बरोबरीनेच वाढतील. लिफ्ट, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर यांचा गोंगाट घरातच असतो, त्यामुळे छताखाली फिरवलेल्या २० मीटरपेक्षा खिडकीबाहेरची ५ मीटर बरी.

एफएमला ७५ सेंटिमीटरची दांडी चालते. मीडियमवेव्हला पोर्टेबलमध्ये आतली फेराइट कांडी काम करते. दांडी ओढू नका, सेट फिरवा.

माझं मत विचाराल तर फ्लॅटवाल्याने पोर्टेबल आणि छोटी तार घ्यावी. टेबलावरचा सेट गच्ची मिळाली तरच. आणि विजा कडाडू लागण्याआधीच तार काढून ठेवा. तारेवर साठलेला विद्युतभार पोर्टेबलचा पहिला ट्रान्झिस्टर सहज जाळतो.