स्नोमोबाइलची बॅटरी: एजीएम की लिथियम?

कॅनडातला मित्र अडलाय: त्याच्या स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीची, जुनी एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवणारी बंद शिसे-आम्ल बॅटरी) गेली, आता हलकी लिथियम घ्यावी का?

वजनात तुलनाच नाही. एजीएम सहा-सात किलोची, तेवढ्याच ताकदीची लिथियम आयर्न फॉस्फेट (लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) दोनेक किलोची. भुसभुशीत बर्फात रुतलेली गाडी उचलताना प्रत्येक किलो जाणवतो. किंमत मात्र दुप्पट-तिप्पट.

खरी परीक्षा थंडीत. उणे २० अंशांना लिथियम पहिल्या स्टार्टला मरगळते. थोडं थांबून पुन्हा स्टार्टर मारला की सेल आतून गरम होतात आणि जोर येतो. शून्याखाली ती चार्ज केली तर सेल कायमचे बिघडू शकतात, म्हणून खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा चार्जिंगचं किमान तापमान आधी वाचा. चार्जरही लिथियमला चालणारा हवा. एजीएमलाही थंडी बाधते, पण चार्जिंगचे एवढे नखरे नाहीत. फक्त ती उतरलेली ठेवू नका, गोठून फुटते.

बिनवापराच्या महिन्यांत लिथियम चार्ज जास्त टिकवते.

डोंगरात खोल बर्फात फिरणाऱ्याने, त्यातही गाडी बॅटरीशिवाय हाताने दोरी ओढूनही सुरू होत असेल तर, लिथियम जरूर घ्यावी. गाडी रात्रभर उघड्यावर राहत असेल आणि पहाटे कामाला न्यायची असेल, तर एजीएमच घ्या.