इअरफोन तुटला: आता वायरचाच घ्यायचा, नेकबँड की बड्स?

इअरफोन तुटला म्हणजे बहुतेक वेळा आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, शाबूत असतो, गेलेली असते ती वायर, आणि तीही ठरलेल्या जागी, एकतर फोनमध्ये घालायच्या पिनच्या मुळाशी नाहीतर डावी-उजवी वायर जिथे वेगळी होते तिथे. म्हणून नवीन घेताना आवाज कुणाचा भारी याच्याही आधी मी एक गोष्ट बघतो, यातलं जे पहिल्यांदा बिघडणारे ते बदलता येतं का. बजेट दोन हजाराच्या आसपास धरलंय, कारण बहुतेक लोक त्यातच घेतात.

आधी खरंच गेलाय का ते बघा हं. दुसऱ्या फोनला लावा, कारण फोनच्या जॅकमध्ये खिशातला कचरा बसला की पिन पूर्ण आत जात नाही आणि एक बाजू बंद वाटते. एका कानाचा आवाज बंद नाही पण बारीक झालाय असं असेल तर टिप, म्हणजे कानात जाणारं रबर, काढून जाळी बघा, मळाने भरलेली असते, जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने साफ केली की बऱ्याचदा आवाज परत येतो. पिन हलवली की आवाज येतो-जातो असं होत असेल तर मात्र वायरच तुटलीये. रिपेअरवाला नवीन पिन लावून देतो, फक्त आतल्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो आणि तो जाळून काढल्याशिवाय सोल्डर नीट धरत नाही, ज्याला हे माहितीये त्याच्याकडेच द्या. चारपाचशेच्या इअरफोनसाठी एवढं करू नका, चांगला असेल तर जरूर करा.

आता वायरचे. सोनी, जेबीएल, सेनहायझर यांचे नेहमीचे इअरफोन माइकसकट येतात, लावले की चालू, आवाजही ठीक, पण बहुतेकांची केबल कायमची जोडलेली, म्हणजे दोन वर्षांनी परत इथेच. त्याच पैशात आयईएम, म्हणजे इन-इअर मॉनिटर मिळतात, केबल कानामागून वळवून घालायची असते ते, आणि केबल वेगळी काढता येते. हजाराच्या आसपास केझेडचा ईडीएक्स प्रो, दोन हजाराच्या आसपास मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हन हर्ट्‌झचा सालनोट्स झीरो. केबल तुटली तर तीनचारशेत नवी येते आणि इअरफोन तोच राहतो. मूनड्रॉपच्या पहिल्या चूची केबल निघत नव्हती, चू २ ची निघते, तेव्हा सेकंडहँड घेणार असाल तर नाव नीट वाचा. आणि नवी केबल घेताना तिची इअरफोनकडची पिन बघा, चू २ आणि झीरोला ०.७८ एमएमची साधी टू-पिन लागते, केझेडला ०.७५ ची, टोपीसारखं प्लास्टिक असलेली. एका बाजूची पिन उलटी बसली तर इअरफोन वाजतो पण बेस गायब होतो आणि गाणं पोकळ वाटतं, लोक म्हणतात इअरफोनच भिकार निघाला.

आवाजात फरक कुठे कळतो? तानपुरा लावा. चू २ किंवा झीरोवर जवारीचा झणकार वेगळा ऐकू येतो, तबल्यात चाट आणि डग्गा दोन्ही आपापल्या जागी राहतात. बेस वाढवलेल्या नेकबँडवर डग्गा सगळ्यावर चढतो आणि गायकाचा आवाज मागे जातो. नाचायची गाणी ऐकणाऱ्याला तो बेस आवडतो, त्यात चूक काहीच नाही, पण शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीतं ऐकणाऱ्याने दोन हजारात वायरच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्रासही सांगतो, चष्म्याच्या काडीशी केबलची झटापट होते, केबल शर्टाला घासली की खरखर कानात येते, आणि माइकवालं मॉडेल आठवणीने निवडावं लागतं.

फोनला जॅक नसेल तर? ॲपलने तो २०१६ मध्ये आयफोन ७ पासून काढला, नंतर बाकीच्यांनीही. मग टाइप-सी कन्व्हर्टर घ्यायचा, आणि इथेच पैसे फुकट जातात, कारण स्वस्तातल्या काही कन्व्हर्टरमध्ये डॅक, म्हणजे फोनच्या डिजिटल सिग्नलचं इअरफोनच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप नसते, नुसती वायर असते, आणि ते सॅमसंगच्या गॅलेक्सी एस सिरीजच्या नव्या फोनवर किंवा पिक्सेलवर चालतच नाहीत. डॅक आहे असं लिहिलेलाच घ्या. ॲपलचा छोटा कन्व्हर्टर आवाजाला मस्त आहे पण बऱ्याच अँड्रॉइडवर व्हॉल्यूम फार कमी येतो, त्यामुळे तो आयफोन पंधराच्या पुढे किंवा लॅपटॉपला ठीक.

नेकबँड मला गर्दीसाठी सगळ्यात सोयीचा वाटतो. लोकलमध्ये चढताना-उतरताना कानातून निघाला तर गळ्यात राहतो, रुळावर जात नाही. वनप्लसच्या बुलेट्स वायरलेस झेड २ वर कंपनी ३० तास सांगते आणि दहा मिनिटं चार्जिंगवर २० तास, प्रत्यक्षात व्हॉल्यूम वाढवला की कमी होणार, तरी आठवड्याला एकदोनदा चार्ज करून भागतं. दिवसभर फोनवर बोलणाऱ्याने हाच घ्यावा. बॅटरी म्हातारी झाली की मात्र सगळाच टाकावा लागतो.

बड्सची अडचण अजून मोठी, एवढ्याशा बडमध्ये एवढीशी बॅटरी, रोज वापरली की दोनतीन वर्षांत निम्म्या वेळात संपायला लागते, आणि ती बदलून देणारा सहज मिळत नाही. एक बड हरवला तर सुटा घेणं महाग पडतं. नॉइज कॅन्सलेशनचा, म्हणजे बाहेरचा आवाज दाबण्याच्या सोयीचा फायदा खरा आहे, पण तो एसटीच्या इंजिनाची घरघर, एसीचा आवाज असल्या एकसुरी गोष्टींवर चालतो, शेजारच्याच्या गप्पांवर फारसा नाही. रोज लांबचा बसप्रवास असेल तर त्यासाठी जास्त पैसे घाला, नाहीतर दोन हजारातल्या नॉइज कॅन्सलेशनसाठी आवाजाशी तडजोड करू नका. व्हिडिओ बघताना ब्लूटूथचा उशीर ॲप सांभाळून घेतं, पण फोनवर गाणं रेकॉर्ड करताना स्वतःचा आवाज कानात ऐकायचा असेल तर तो उशीर सहन होत नाही, तिथे वायरच पाहिजे.

म्हणजे घरी किंवा ऑफिसात बसून ऐकणाऱ्याला आयईएम, सतत फिरणाऱ्याला नेकबँड, बड्स फक्त ज्याला वायर अजिबातच नको त्याला. कुठलाही घेतला तरी रस्ता किंवा रूळ ओलांडताना दोन्ही कान मोकळे ठेवा, आयईएम कानात घट्ट बसला की मागचा हॉर्न खरंच ऐकू येत नाही.

पार्सल आलं की बॉक्समधल्या तिन्ही साइजच्या टिप्स लावून बघा, कारण टिप सैल असेल तर महागातल्या महाग इअरफोनचाही बेस निघून जातो, दोन कानांना वेगवेगळी साइज लागू शकते. मग डावं-उजवं टेस्ट करा, कुणाला तरी कॉल करून माइक ऐकवा, आणि हे सगळं रिटर्नची मुदत संपायच्या आत करा.