चंदेरी पिशवी : हर्णे बंदरावर वापरून पाहिलेली

उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जाण्याआधी, थंडीत अंगाची ऊब टिकवायला, दोन वस्तू ऑनलाइन मागवल्या. दीडशेचं फॉइलचं ब्लँकेट आणि साडेसातशेची जाड चंदेरी पिशवी, माणूस आत सरकेल अशी. पहाडावर दोन्ही सॅकमध्येच राहिल्या. उपयोगी पडल्या त्या घरी, बंदरावर.

नारळी पौर्णिमेनंतर भाऊजींच्या बोटीवरचा खलाशी रात्री पाण्यात पडला, तीन तासांनी सापडला. आपला समुद्र फार गार नाही, पण अंगापेक्षा गारच. त्यात ओल्या अंगावर पावसाळी वारा. जेट्टीवर आणला तेव्हा हुडहुडी भरलेली, जीभ जड झालेली. कोणी तळवे चोळू लागलं, कोणी बाटली काढली. मी नर्स आहे, दोन्ही थांबवलं. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं आणि उरलीसुरली ऊबही जाते.

फॉइल वाऱ्याने लगेच फाटलं. ते घेऊ नका.

पिशवी टिकली, पण तिला चेन नाही. आत घालायचं तर माणूस वाकवायचा, हलवायचा. अंग फार गार पडलेलं असेल तर अशा हिसक्याने हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं. म्हणून मी कात्रीने एक बाजू उभी कापली. खाली कोरडी घोंगडी, त्याचे ओले कपडे कापून काढले, अंगावर चादरी, सगळ्यांवरून पिशवी. काखेत आणि छातीशी गरम पाण्याच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून. पिशवी स्वतः ऊब देत नाही, असलेली धरून ठेवते. रुग्णवाहिका येईपर्यंत तो नीट बोलायला लागला होता.

पाकिटावर हिमस्खलनाचं चित्र आहे, त्याचा मला राग येतो. बर्फाखाली गाडलेला माणूस सुरुवातीला थंडीने नाही, श्वास कोंडून मरतो. आधी उपसा, नाकातोंडातला बर्फ काढा, श्वास द्या, पिशवी त्यानंतर. तासाभराहून जास्त गाडला गेलेला, श्वासमार्ग मोकळा आणि हृदय बंद, असा माणूस सापडला तर गार आहे म्हणून मेला समजू नका. छाती दाबत राहा आणि शरीराबाहेर रक्त गरम करणारं यंत्र असलेल्या रुग्णालयात न्या. १९९९ मध्ये नॉर्वेत ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकलेल्या एका तरुण डॉक्टरचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. ती वाचली. यातलं एक अक्षर पाकिटावर नाही, आणि आहे ते सगळं इंग्रजीत.

पाचपैकी तीन तारे. तरी आणखी दोन मागवल्यात. बाजू आधीच कापून, घोंगडी आणि कात्रीसकट भाऊजींच्या बोटीवर डब्यात ठेवल्यात. वर मराठीत चिठ्ठी: चोळू नका, आडवाच ठेवा.