मैत्रीण कारखान्याला गेलीय, लेकीला कोणतं पुस्तक देऊ? तोत्तोचान की टेराबिथिया

परवा केजहून मैत्रिणीचा फोन आला. तिची लेक सहावीत आहे, आणि तिच्या बाकावरची मैत्रीण दिवाळी झाली तशी आईबापासोबत कारखान्याला गेली. म्हणजे ऊसतोडीला, बीड जिल्ह्यात कारखान्याला गेले म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. या दोघी गावातल्या पडक्या गढीवर खेळायच्या, तिथं यांचं राज्य होतं, दगडांना नावं होती, कोणत्या बुरुजावर कोण बसणार ते ठरलेलं होतं. आता ही पोरगी गढीकडं फिरकत पण नाही. मैत्रीण म्हणाली, वाचायची आवड आहे तिला, मैत्रीवरचं काहीतरी देते, मला दोन नावं सुचवलीत लोकांनी, कोणतं देऊ?

ती दोन नावं म्हणजे तेत्सुको कुरोयानागीचं 'तोत्तोचान' आणि कॅथरीन पॅटरसनचं 'ब्रिज टू टेराबिथिया'. मी दोन्ही वाचलीत आणि शनिवारी आमच्या गल्लीतली लेकरं घरी वाचायला बसतात त्यांच्यासोबतही वाचलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते, अजून कुणाला असाच प्रश्न पडला असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी हे सांगते की दोन्ही पुस्तकांत जिवलग मित्र मरतो. गोष्ट फोडली म्हणून राग मानू नका, पण लेकराच्या हातात पुस्तक द्यायचं तर मोठ्या माणसाला हे आधी माहीत असायलाच पाहिजे. 'मैत्रीवरचं छान पुस्तक' एवढं ऐकून आणायचं आणि लेकरानं रात्री एकट्यानं त्या पानावर पोहोचायचं, हे मी एका घरात झालेलं बघितलंय आणि ते बरोबर नाही.

आता टेराबिथिया. १९७७ ची कादंबरी, पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं, अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा मान आहे तो. जेस नावाचा पाचवीतला पोरगा, व्हर्जिनियातल्या खेड्यातला, घरात चार बहिणी, पैशाची ओढाताण, बाप कामावरून थकून येणार, आणि याला चित्रं काढायचा नाद, जो बापाला अजिबात आवडत नाही. त्याचं एकच स्वप्न, शाळेत सगळ्यांत जोरात पळायचं, त्यासाठी सगळी सुट्टी पहाटे उठून गायीच्या कुरणात पळतोय. आणि शाळा सुरू झाली की शेजारी नवीन राहायला आलेली लेस्ली नावाची पोरगी सगळ्या पोरांना मागं टाकते, यालापण. इथून पुढं दोघांची जी दोस्ती होते ती फार सावकाश आणि खरी वाटेल अशी लिहिलीय. ओढ्यावर झाडाला एक जुना दोर लटकलेला आहे, त्याला धरून झोका घेऊन पलीकडं जायचं, आणि पलीकडच्या रानात यांचं राज्य, टेराबिथिया. लेस्लीनं ढीगभर पुस्तकं वाचलेली आहेत, राजा-राणीनं कसं बोलायचं, शत्रू कोण, हे ती शिकवते, आणि जेस हळूहळू शिकतो.

मला या पुस्तकातली कल्पनाशक्ती आवडते कारण ती आकाशातून पडत नाही. ती एका पोरीच्या वाचनातून आणि एका पोराच्या चित्र काढणाऱ्या डोळ्यातून तयार होते, मेहनतीनं. आणि ती मोठ्यांपासून लपवलेली आहे, घरातल्या कुणालाच माहीत नाही की हे दोघं कुठं जातात. गढीवर खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मोठी माणसं म्हणायची तिकडं जाऊ नका, साप निघतात, आणि आपण तिथंच जायचो.

तोत्तोचान एकदम उलट आहे. मुळात ती कादंबरी नाही, लेखिकेच्या स्वतःच्या लहानपणाच्या आठवणी आहेत, जपानमध्ये १९८१ साली आल्या, मराठीत नॅशनल बुक ट्रस्टनं आणल्या. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली पोरगी, का तर सारखी डेस्कचं झाकण उघडते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाक मारते. मग आई तिला तोमोई नावाच्या शाळेत नेते जिथं वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात, आणि तिथले हेडमास्तर कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. चार तास! आमच्या लेकरांनी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं मला. डब्यात रोज 'समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी' पाहिजे असा हेडमास्तरांचा नियम आहे, तर मी विचारलं आपल्या डब्यात समुद्रातलं काय असतं, आणि चौथीतली एक बारीक पोरगी लगेच म्हणाली, मीठ.

या पुस्तकातली मैत्री म्हणजे तोत्तो आणि यासुआकी-चान. त्याला पोलिओ झालेला, पायात आणि बोटांत जोर नाही. त्या शाळेत प्रत्येकाचं चढायला एकएक झाड ठरलेलं असतं आणि तोत्तो त्याला आपल्या झाडावर यायचं आमंत्रण देते, दोघंही घरी खोटं सांगून येतात, ती शिडी ओढत आणते, ती शिडी जमत नाही म्हणून मग घडीची आणते, आणि घामाघूम होऊन त्याला वर ओढते. झाडावर बसून तो तिला सांगतो की अमेरिकेत टेलिव्हिजन म्हणून एक पेटी आहे, तिच्यात घरबसल्या सुमोची कुस्ती दिसेल, आणि ही विचार करत बसते की एवढे जाड पैलवान पेटीत मावतील कसे. पुढं हीच पोरगी जपानच्या टीव्हीवरचा सगळ्यांत ओळखीचा चेहरा झाली, १९७६ पासून तिचा स्वतःचा मुलाखतींचा कार्यक्रम आहे. हे मी लेकरांना त्या प्रकरणानंतर सांगते, आधी नाही.

मग फरक काय, तर माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक हा की तोत्तोचानमध्ये ऐकणारा एक मोठा माणूस पहिल्या पानांपासून आहे आणि टेराबिथियात तो जवळपास नाहीच. जेसचं ऐकणारी लेस्ली एकटीच. म्हणून यासुआकी जातो तेव्हा दुःख होतं, पण तोत्तोच्या आजूबाजूला शाळा उभी असते, दोस्त असतात, ते प्रकरण छोटं आहे, ती त्याच्या हाताशी फूल ठेवते आणि पुस्तक पुढं चालतं. लेस्ली जाते तेव्हा जेसचं सगळंच जातं. आणि ती जाते तीसुद्धा अशा दिवशी की जेस आवडत्या बाईंसोबत वॉशिंग्टनला म्युझियम बघायला गेलेला असतो आणि लेस्लीला बोलवायचं त्यानं मनातून टाळलेलं असतं, बाई एकट्या आपल्या वाट्याला याव्यात म्हणून. आठवडाभर पाऊस पडून ओढा भरलेला, ती एकटी दोर धरते, दोर तुटतो. मग ते 'मी असतो तर' पोराच्या छातीवर बसतं. आधी त्याला खरंच वाटत नाही, मग तिच्यावरच राग येतो, तिनं दिलेले रंग तो ओढ्यात फेकून देतो. आणि तेव्हा तोच थकलेला बाप येऊन त्याला मांडीवर घेतो. मला हे पान मोठ्यानं वाचता येत नाही, आवाज अडकतो.

लेखिकेनं हे अंदाजानं लिहिलेलं नाही. तिच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण १९७४ साली वीज पडून गेली, त्यातून हे पुस्तक आलं. आपल्याकडं वळवाच्या पावसात वीज पडून माणसं, जनावरं गेल्याची बातमी दरसाल येते, आमच्या शनिवारच्या लेकरांत एकाचा चुलत भाऊ तसाच गेलेला, तर त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा भावाबद्दल बोलला, भाऊ गोट्या कशा खेळायचा ते. म्हणून टेराबिथिया लहानांसाठी फार जड आहे असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अमेरिकेतही या पुस्तकावर शाळांमधून पुष्कळ तक्रारी झाल्या. पण ज्या लेकरानं मरण बघितलंय त्याच्यासाठी ते जड नसतं, त्याला उलट सोबत मिळते.

शेवटही बघा. तोमोई शाळा १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात जळते आणि कोबायाशी आगीकडं बघत मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी काढायची? आणि जेस, लेस्लीच्या रिकाम्या घराजवळच्या फळ्या मागून घेतो, ओढ्यावर पूल बांधतो आणि धाकट्या मे बेलला, जी सारखी मागं मागं यायची आणि जिला तो हाकलायचा, तिला राणी करून पलीकडं नेतो. दोन्ही शेवट सुंदर आहेत पण पुलाचा माझ्या जास्त जवळचा, कारण त्यात एक लेकरू स्वतःच्या हातानं काहीतरी करतं.

भाषेचं म्हणाल तर तोत्तोचानचं मराठी सोपं, प्रकरणं दोन-तीन पानांची, आठ-नऊ वर्षांचं लेकरूसुद्धा एकटं वाचतं, किंमतही परवडणारी. टेराबिथिया मी इंग्रजीतून वाचलं आणि लेकरांना मराठीत सांगत सांगत पुढं नेलं, एका वेळी एक प्रकरण, त्यामुळं तिथं वाचून दाखवणारं कुणीतरी लागतंच. वय अकरा-बाराच्या पुढं.

कुणी म्हणेल आपलं मराठीतलं का नाही, तर प्रकाश नारायण संतांचा लंपन आहेच, 'वनवास'पासून सुरू करा, आईवडिलांपासून लांब आजी-आजोबांकडं राहणारा पोरगा आणि त्याची सुमी, इतकं आतलं लिहिलेलं मी दुसरीकडं वाचलं नाही. पण ती भाषा बेळगावकडची, कानडी मिसळलेली, आणि चाल मोठ्यांच्या वाचनाची, सहावीतल्या पोरीला आत्ता नको, नववीत द्या.

आता केजच्या लेकीचं. मी तिच्या आईला सांगितलं की आत्ता तोत्तोचान दे, टेराबिथिया आत्ता अजिबात नको. तिची मैत्रीण जिवंत आहे, कुठंतरी उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे झोपडीत राहतीय, बहुतेक धाकट्या भावंडाला सांभाळत बसली असेल, आणि ही इकडं वाट बघतीय. वाट बघणाऱ्या लेकराच्या हातात 'लांब गेलो आणि परत आलो तर मैत्रीण नव्हती' ही गोष्ट द्यायची नसते. माझी स्वतःची मैत्रीण अशीच दरसाल जायची, पाडव्याच्या सुमारास यायची, आणि सातवीच्या वर्षी आली ती शाळेत आलीच नाही. तेव्हा मला कुणीतरी झाडावर ओढून घेण्याची गोष्ट सांगितली असती तर मी तिच्या घरी गेले असते हे मला आज पक्कं वाटतं, मी नुसती रुसून बसले होते.

म्हणून शिडीचं प्रकरण आधी वाचून दाखव म्हटलं, मग विचार की ती परत आल्यावर सगळ्यात आधी तिला गढीवर कोणत्या बुरुजावर न्यायचं, आणि पाच महिन्यांचा बुडालेला अभ्यास कोण सांगणार. तोपर्यंत दोन-चार पानांचं पत्र लिहू दे, मुकादमाच्या फोनवर फोटो काढून पाठवता येतो, लोक पाठवतात. आणि पोरगी एप्रिलमध्ये आली की दोघींना एकत्र बसवून टेराबिथिया वाच, अंगणात, दोघींच्या मधे तू बस.

काल मेसेज आला, पुस्तक मागवलंय, आणि लेकीनं विचारलंय की गढीवर शिडी लागेल का.