भ्रूण जिवंत पाहावं की गोठवून रंगवावं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या भाचीच्या हातात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी चार महिने आहेत. सी. एलिगन्स या मिलिमीटरभर कृमीचं अंडं पहिल्यांदा विभागतं तेव्हा पार-२ हे प्रोटीन जागा कशी बदलतं, ते तिला पाहायचंय. "मावशी, जीएफपी लावून जिवंत पाहू की अँटिबॉडीने रंगवू?" जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, ते पार-२ला शेपटासारखं जोडायचं; अँटिबॉडी म्हणजे नेमकी पार-२लाच चिकटणारी, रंग दाखवणारी खूण.

आधी आत काय चालतं ते. अंडं जेमतेम ५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांब. सुरुवातीला पार-३ आणि पार-६ ही दुसरी दोन प्रोटीनं सगळ्या कडेवर पसरलेली असतात. शुक्राणूबरोबर आलेला सेंट्रोसोम (पेशीतले धागे जिथून निघतात तो बिंदू) एका टोकाला कडेशी टेकला, की तिथलं ॲक्टिन-मायोसिन या आकसणाऱ्या प्रोटीनांचं जाळं दुसऱ्या टोकाकडे आकसतं. पार-३, पार-६ त्याच्याबरोबर वाहून जातात आणि मोकळ्या झालेल्या मागच्या कडेवर पार-२ ठाण मांडतं. मग अंडं विभागतं तेही असमान: पुढे एबी ही मोठी पेशी, मागे पी१ ही लहान, आणि पार-२ पी१च्या वाट्याला. सगळा खेळ अर्ध्या तासाच्या आत.

रंगवायचं तर अंडी स्लाइडवर घेऊन, वर कव्हरस्लिप ठेवून गोठवायची आणि ब्लेडच्या टोकाने ती फटकन उडवायची, म्हणजे कवच तडकतं. लगेच उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये. मी सुरुवातीला कव्हरस्लिप हळुवार उचलायचे. कवच शाबूत, अँटिबॉडी बाहेरच, दोन आठवडे नुसत्या काळ्या स्लाइड! यात प्रोटीन मात्र मूळचं दिसतं, जीएफपीचं शेपूट न जोडलेलं.

अडचण क्रमाची. लग्नाचे सुटे फोटो हाती आले तर अंतरपाट दिसला म्हणजे हार पडायचेत, एवढं कळतं. इथे ते काम डीएनएचा रंग करतो, विभाजन कुठल्या टप्प्यावर आहे ते दाखवून. पण अंतरपाटाचेच दोन फोटो असले तर आधीचा कुठला? पार-२चा ठिपका वाढतो तो नेमका अशाच दोन फोटोंच्या मध्ये.

म्हणून मी जिवंत पद्धतीच्या बाजूची. १९९४ साली मार्टिन चॅल्फी या शास्त्रज्ञांनी जीएफपी याच कृमीत चमकवून दाखवलं, आणि जीएफपी जोडलेल्या पार-२चे वाण आज तयार मिळतात. अंडी भरलेली कृमी थेंबात कापायची, अंडं २ टक्के अगारोजच्या, म्हणजे जेलीसारख्या गादीवर ठेवायचं, कडा व्हॅसलिनने बंद, दर १० सेकंदांनी एक फोटो. सूक्ष्मदर्शकाचा लेझर वाढवायचा मोह आवर. प्रकाश जास्त झाला की विभाजन रेंगाळतं आणि तू त्यालाच शोध समजशील. शिवाय जीएफपी म्हणजे २३८ अमिनो आम्लांचं बोचकं, काही प्रोटीनांना ते पेलत नाही. तेवढ्या खात्रीसाठी शेवटच्या महिन्यात साध्या, जीएफपी नसलेल्या कृमींच्या चार-पाच स्लाइड अँटिबॉडीने रंगव.

आणि बडोद्याचा मे महिना ध्यानात ठेव. कृमींच्या प्लेटी २० अंशांच्या इनक्युबेटरमध्येच हव्यात; २५च्या वर गेल्या की कृमी वांझ व्हायला लागतात. खोलीही तापलेली असली तर विभाजनाचा वेग बदलतो, कालच्या नि आजच्या फिल्मचा मेळ बसत नाही. एसी लाव, अर्धा तास थांब, मगच कृमी कापायला घे.